निळ्या दाताचा राजा

डेन्मार्क देशात येलिंग नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील चर्चच्या आवारात दोन प्राचीन शिलालेख आहेत. त्यांपैकी मोठी शिला हजार वर्षांहून अधिक काळ ऊन, पाऊस आणि हिम सोशीत आली. अलीकडे तिच्याभोवती काचेचे आवरण उभारले आहे. दहाव्या शतकातील हॅराल्ड नावाच्या राजाने आपले वडील गोर्म व आई थीरा यांच्या स्मरणार्थ ती कोरवून घेतली. आपण सारा डेन्मार्क आणि नॉर्वे जिंकला व डेन लोकांना ख्रिस्ती केले, असेही त्याने तीवर अभिमानाने नोंदवून ठेवले आहे. या राजाला लोक ‘निळ्या दाताचा हॅराल्ड’ म्हणत. त्याचा एखादा दात किडून काळानिळा पडला असावा आणि त्यावरून हे टोपणनाव रूढ झाले असावे, असे सांगतात.

एवढ्या दूरच्या आणि एवढ्या जुन्या राजाशी आपला काय संबंध, असे कोणीही विचारील. संबंध आहे, आणि तो आपल्या घरातच आहे. मोबाइलच्या पडद्यावर कधी कधी एक कोनदार खूण उमटते. ती इंग्रजी ‘बी’ या अक्षरासारखी दिसते, परंतु तिच्या डाव्या बाजूस दोन लहानशा रेघा बाहेर आलेल्या असतात. ‘रून’ या प्राचीन उत्तर युरोपीय लिपीतील ‘ह’ आणि ‘ब’ या अर्थाची दोन अक्षरे एकात एक गुंफून ती तयार झाली आहे. आपण जोडाक्षर करतो, तसाच हा प्रकार. ही त्या राजाच्या नावाची आद्याक्षरे होत. आणि त्या खुणेचे नाव ‘ब्लूटूथ’, म्हणजे शब्दशः निळा दात!

हे नाव एका बिनतारी यंत्रविद्येला कसे मिळाले, हे कळण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात खिशात मावणारा दूरध्वनी आणि तळहातावर मावणारा संगणक या दोन्ही गोष्टींची मोठी नवलाई होती. दूरध्वनी बोलण्याचे काम करी. हातातला संगणक नावे, पत्ते आणि टिपणे सांभाळी. परंतु एकाच माणसाच्या खिशात राहूनही दोघांची आपापसांत ओळख नसे. संगणकातील क्रमांक दूरध्वनीत हवा असला, तर मध्ये तार जोडावी लागे. आणि प्रत्येक कंपनीच्या तारेचे टोक निराळे! काही यंत्रांना अवरक्त किरणांच्या साहाय्याने एकमेकांशी बोलता येई. दूरचित्रवाणीच्या रिमोटमधून निघतात, तेच हे अदृश्य किरण. ते प्रकाशाप्रमाणे सरळ रेषेत जातात. त्यामुळे दोन्ही यंत्रे समोरासमोर ठेवावी लागत आणि काम पुरे होईपर्यंत ती हलवून चालत नसे. मध्ये कोणाचा हात आला, तरी बोलणे तुटे.

स्वीडनमधील लुंड या गावी एरिक्सन या कंपनीच्या अभियंत्यांनी या अडचणीवर विचार सुरू केला. १९९४ साली याप हार्टसेन हे डच अभियंते या कामास लागले आणि पुढे स्वेन माटिसन हे स्वीडिश सहकारी त्यांना येऊन मिळाले. दूरध्वनी आणि त्याची जोड-उपकरणे यांच्यात तारेवाचून संभाषण व्हावे. ते थोड्याच अंतरावर चालावे, त्याला थोडीच वीज लागावी आणि खर्चही थोडाच यावा, असा त्यांचा हेतू होता.

थोड्याच अंतरावर का? दूरवर ऐकू जाणे हा गुणच आहे, असे आपण धरून चालतो. परंतु एकाच वाड्यात दहा बिऱ्हाडे असावीत आणि प्रत्येकाने आपल्या घरातल्या माणसाला हाक मारताना गल्लीभर आवाज करावा, असे झाले तर कोणालाच काही ऐकू येणार नाही. मोबाइलला दूरवरच्या मनोऱ्यापर्यंत पोहोचावयाचे असते. त्याची ती आरोळीच म्हणावयाची. ब्लूटूथ ही कुजबुज आहे. लहान उपकरणांत ती बहुधा एका वॉटच्या चारशेव्या हिश्शाएवढ्या शक्तीने चालते आणि सुमारे दहा मीटरपर्यंत, म्हणजे एखाद्या मोठ्या वर्गाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, नीट ऐकू जाते. पलीकडच्या घरातली दुसरी कुजबुज त्यामुळे सुरळीत चालू राहते. शिवाय लहानशी बॅटरीही तिला तासन्‌तास पुरते.

ही कुजबुज चालते ती विद्युत्‌-चुंबकीय लहरींतून. अशा लहरी जर्मनीतील हाइनरिश हर्ट्‌झ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात प्रयोगाने सिद्ध केल्या. त्यानंतर थोड्याच वर्षांत जगदीशचंद्र बसू यांनी कलकत्त्यास अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण करून भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखविली. ब्लूटूथच्या लहरी एका सेकंदात सुमारे २४० कोटी वेळा कंप पावतात आणि त्यांची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर असते. कंपासपेटीतल्या पट्टीहून थोडी कमीच.

या लहरींचा पट्टा निवडण्यास एक व्यावहारिक कारण होते. आकाशवाणी, विमाने, पोलीस, सैन्य यांना कंपनसंख्येचे वेगवेगळे पट्टे नेमून दिलेले असतात. सरकारच्या परवानगीवाचून त्यांत कोणी बोलू शकत नाही. विसाव्या शतकात आपल्या देशात घरी नुसता रेडिओ ऐकावयाचा, तरी अनेक वर्षे टपालकचेरीत जाऊन त्याचा परवाना काढावा लागे, हे घरातील आजोबांना आठवत असेल. परंतु उद्योग, विज्ञान व वैद्यक यांच्या यंत्रांसाठी काही पट्टे मोकळे ठेवले आहेत, आणि त्यांतील हा एक जगभर बहुतेक सर्वत्र खुला आहे. भारत सरकारनेही शक्तीची मर्यादा घालून २००५ साली तो परवान्याविना वापरास मोकळा केला.

मोकळ्या जागेत गर्दीही होतेच. अन्न गरम करणारी मायक्रोवेव्ह भट्टी याच पट्ट्यातील लहरी वापरते. घराघरांतील वायफाय येथेच बोलते. आठवड्याच्या बाजारात शंभर माणसे एकदम बोलत असताना दोन मित्रांनी एकमेकांचे हळू आवाजातले बोलणे नेमके कसे ऐकावे? अभियंत्यांनी या प्रश्नाचे जे उत्तर शोधले, ते मुलांच्या ठिकरीच्या खेळासारखे आहे.

ठिकरीत जमिनीवर घरे आखलेली असतात आणि खेळणारा एका घरातून दुसऱ्या घरात उडी घेत जातो. मूळच्या ब्लूटूथमध्ये हा पट्टा ७९ घरांत विभागलेला आहे. बोलणारे यंत्र आणि ऐकणारे यंत्र एका सेकंदात १६०० वेळा घर बदलतात! पुढची उडी कोणत्या घरात, हे दोघांनी आधीच ठरविलेले असते. म्हणून दोघे नेमके एकाच वेळी एकाच घरात उतरतात. एखाद्या घरात भट्टीचा गोंगाट असला, तर तेवढा एखादा तुकडा हरवतो. पुढच्या घरात तो पुन्हा सांगता येतो, आणि ऐकणाऱ्याच्या बहुधा ध्यानातही येत नाही. २००३ साली यात आणखी शहाणपण आले. जी घरे नेहमीच गजबजलेली असतात, ती ओळखून वगळण्यास ही यंत्रे शिकली.

लहरींनी अशा उड्या माराव्यात, ही कल्पना त्याहून बरीच जुनी आहे, आणि तिच्या इतिहासातील एक पान मोठे विलक्षण आहे. हेडी लमार या हॉलिवुडच्या विख्यात अभिनेत्री. त्यांचा जन्म १९१४ साली व्हिएन्ना येथे झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी जॉर्ज अँथाइल या संगीतकारांच्या साहाय्याने पाणतीरास बिनतारी आज्ञा देण्याची एक युक्ती शोधली. आज्ञा देणारी लहर एकाच कंपनसंख्येवर राहिली, तर शत्रू त्याच ठिकाणी गोंगाट करून पाणतीर भरकटवू शकतो. म्हणून लहरीने सतत जागा बदलावी, अशी ती युक्ती. आपोआप वाजणाऱ्या पियानोत छिद्रे पाडलेली कागदाची गुंडाळी फिरत असते. तशीच गुंडाळी जहाजावर आणि पाणतीरात एकाच वेगाने फिरवावी, असे त्यांनी सुचविले. आणि पियानोला ८८ पट्ट्या असतात, म्हणून घरेही ८८! ११ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना अमेरिकेत या शोधाचे एकस्व मिळाले. नौदलाने मात्र तेव्हा ती युक्ती बाजूस ठेवली. चित्रपटातल्या सुंदर स्त्रीला पाणतीराचे काय कळते, असे पुष्कळांना वाटले असल्यास नवल नाही. ब्लूटूथच्या अभियंत्यांनी त्यांच्याच आराखड्यावरून काम केले, असे म्हणणे योग्य होणार नाही. परंतु तत्त्व तेच आहे. हेडी लमार यांचा २००० साली मृत्यू झाला. अमेरिकेतील राष्ट्रीय संशोधकांच्या सन्माननामावलीत त्यांचे नाव २०१४ साली कोरले गेले.

उड्या मारणे ही यंत्रांची करामत झाली. याहून कठीण काम माणसांचे होते. एरिक्सनने ही विद्या स्वतःपुरती ठेवली असती, तर तिचे दूरध्वनी केवळ तिच्याच जोड-उपकरणांशी बोलले असते आणि तारांचा जुना गोंधळ बिनतारी रूपाने पुन्हा सुरू झाला असता. मे १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम आणि तोशिबा या पाच कंपन्यांनी एकत्र येऊन एक मंडळ स्थापन केले. यांतील कित्येक बाजारात एकमेकींच्या प्रतिस्पर्धी होत्या. तरीही सर्वांनी एकच बिनतारी भाषा मान्य केली, आणि जो मंडळाचा सभासद होऊन तिचे नियम पाळील, त्याला स्वामित्वधन न देता ती वापरता यावी, असे ठरविले. त्यामुळेच जपानमध्ये घडलेले श्रवणयंत्र, चीनमध्ये जुळलेला मोबाइल आणि तिसऱ्याच देशातील मोटारगाडी पहिल्याच भेटीत एकमेकांशी बोलू लागतात. ब्लूटूथचा खरा पराक्रम कोणता, असे विचारले तर सोळाशे उड्यांपेक्षा या कराराकडेच बोट दाखवावे लागेल.

राजाचे नाव आले ते याच कराराच्या खटपटीतून. १९९७ साली इंटेलचे अभियंते जिम कार्डाक आणि लुंडचे स्वेन माटिसन कामानिमित्त एकत्र आले असता गप्पा इतिहासाकडे वळल्या. माटिसन यांनी फ्रान्स बेंग्टसन यांच्या एका ऐतिहासिक कादंबरीचा उल्लेख केला. तीत हॅराल्डचा काळ रंगविला आहे. घरी परतल्यावर कार्डाक यांनी व्हायकिंग लोकांचा इतिहास वाचला आणि येलिंगच्या शिलेची हकिकत त्यांच्या वाचनात आली. विखुरलेल्या डेन टोळ्यांना या राजाने एकत्र आणले. आपणही विखुरलेल्या यंत्रांना एकत्र आणीत आहोत, तेव्हा याचेच नाव का घेऊ नये? कायमचे नाव ठरेपर्यंत हे कामचलाऊ नाव असावे, एवढाच तेव्हा विचार होता. पुढे जी भारदस्त नावे सुचविली गेली, त्यांतले एक फारच सामान्य व सर्वत्र वापरलेले निघाले, तर दुसऱ्याची कायदेशीर तपासणी वेळेत पुरी होईना. अखेर कामचलाऊ नावच कायम झाले. आणखी एक मौज अशी की, लुंड गाव ज्या प्रांतात आहे, तो स्कोने प्रांत १६५८ सालापर्यंत डेन्मार्कच्याच राज्यात होता. निळ्या दाताचा राजा जणू आपल्याच मुलखात परत आला!

आता या यंत्रांच्या वापराकडे वळू.

दोन यंत्रे प्रथम जोडताना ‘पेअरिंग’ करावे लागते. ही त्यांची पहिली ओळख होय. या ओळखीत दोघे मिळून एक गुप्त किल्ली ठरवितात आणि पुढचे सारे बोलणे त्या किल्लीने कुलूपबंद करतात. पूर्वी यासाठी चार शून्यांसारखा सोपा अंक पुष्कळदा वापरला जाई. तो कोणीही ओळखू शके. २००७ पासून अधिक चांगली रीत आली. दोन्ही यंत्रांना पडदा असला, तर दोन्हींवर सहा आकडी संख्या उमटते. ती दोन्हीकडे सारखीच आहे, हे माणसाने स्वतः पाहून होकार द्यावयाचा असतो. पुष्कळ लोक न वाचताच होकार देतात. हे म्हणजे दारावरची थाप ऐकून, कोण आहे हे न विचारता कडी काढण्यासारखे आहे. एस.टी.च्या थांब्यावर किंवा आगगाडीत अनोळखी यंत्राकडून जोडणीची विनंती आली, तर ती नाकारावी. भाड्याच्या मोटारीशी मोबाइल जोडला, तर त्यातील नावे व क्रमांक त्या गाडीत उतरून राहू शकतात. म्हणून उतरण्यापूर्वी तेथील नोंद पुसावी. जुना मोबाइल कोणास देतानाही असेच करावे.

कधी कधी गाणे मध्येच तुटते आणि यंत्र बिघडले, असे वाटते. पुष्कळदा दोष यंत्राचा नसतो. आपल्या शरीरात पाणी फार, आणि या लहरी पाण्यात शोषल्या जातात. मोबाइल पाठीमागच्या खिशात असेल, तर कानापर्यंत येताना लहरींना अंगाचा अडसर होतो. मोबाइल पुढच्या खिशात घेतला की आवाज बहुधा पूर्ववत होतो. हा प्रयोग कोणासही करून पाहता येईल.

कानात घालावयाच्या उपकरणांविषयी मात्र अधिक गंभीरपणे बोलले पाहिजे. कानाच्या आतील शंखाकृती भागात अतिसूक्ष्म रोम असलेल्या पेशी असतात. आवाजाच्या थरथराटाचे संदेशात रूपांतर करण्याचे काम त्यांचे. सतत मोठा आवाज आदळला तर त्या मरतात आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघासह याविषयी मर्यादा सांगितली आहे. मोठ्या माणसांसाठी आठवड्यास ४० तास ८० डेसिबल, आणि मुलांसाठी तेवढ्याच वेळेस ७५ डेसिबल. डेसिबलचे गणित साध्या बेरजेसारखे नसते. आवाज तीन डेसिबलने वाढला की कानावर पडणारी शक्ती दुप्पट होते आणि ऐकण्याची मुभा निम्मी होते. म्हणून जो माणूस ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तास ऐकू शकतो, त्याने ९० डेसिबलचा आवाज अवघे चार तासच ऐकावा. सायकलवर अथवा रस्ता ओलांडताना तर ही उपकरणे कानातून काढून ठेवावीत. पाठीमागून येणाऱ्या ट्रकचा भोंगा ब्लूटूथमधून ऐकू येत नाही.

याच कुजबुजीने दुसरीकडे हरवलेले आवाज माणसांना परत मिळवून दिले आहेत. २०१० साली ब्लूटूथचा अतिशय अल्प विजेवर चालणारा प्रकार निघाला. नाण्याएवढ्या बॅटरीवर लहानसे संवेदक यंत्र त्यामुळे महिनोन्‌महिने चालू लागले. मधुमेह असलेल्या मुलाच्या दंडावर बसविलेले बटणाएवढे यंत्र त्याच्या शरीरातील साखरेचे प्रमाण मोबाइलला कळविते. रात्री ते फार खाली गेले, तर गजर वाजून आई जागी होते. ज्यांना कमी ऐकू येते, त्यांच्या श्रवणयंत्रात दूरध्वनीवरचा आवाज आता थेट उतरतो. पूर्वी श्रवणयंत्र आणि दूरध्वनी एकमेकांजवळ आणले की शिट्टीसारखा आवाज येई, आणि अनेक वृद्ध दूरध्वनीवर बोलण्याचेच टाळीत. २०२० साली जाहीर झालेल्या नव्या पद्धतीने तर एकाच प्रक्षेपकाचा आवाज सभागृहातील अनेक श्रवणयंत्रांना एकाच वेळी ऐकता येतो.

दृष्टी नसलेल्या विद्यार्थ्यांसाठीही एक उपकरण आहे. दिसावयास ती एक लांबट पेटी असते. तिच्या पाठीवर ओळीने बारीक छिद्रे असतात आणि त्यांतून लहान लहान खुंट्या वर येतात व खाली जातात. या खुंट्यांतून ब्रेल लिपीतील अक्षरे घडतात. वीस किंवा चाळीस अक्षरांची ओळ बोटाने वाचून झाली की एक कळ दाबावयाची. जुनी ओळ खाली जाते आणि नवी वर येते. पूर्वी भारतात निरनिराळ्या भाषांसाठी निरनिराळ्या ब्रेल पद्धती होत्या. १९५१ साली सर्वांनी मिळून एकच भारती ब्रेल स्वीकारली, आणि मराठीही त्याच लिपीत लिहिली जाते. अशी पेटी बाकावर ठेवून एखादी मुलगी वर्गात बसलेली असते. तिचा मोबाइल दप्तरात, आवाज बंद करून ठेवलेला. कोणाला काही ऐकू येत नाही, कोणाला काही दिसत नाही. मोबाइलमधला धडा सेकंदाला शेकडो उड्या घेत पेटीपर्यंत येतो, आणि वर्गातील इतर मुलांबरोबर तीही तोच परिच्छेद बोटांनी वाचीत असते.